तानूआत्याचे वाचणारे पाहुणे

म्हसवडला आमच्या तानूआत्याच्या घरी तुम्ही कधी गेलात आणि उंबऱ्यातच तिनं हात वर करून, "जरा दमानं, पावणं बोलत्यात," असं तुम्हाला अडवलं, तर चपला काढा आणि गप बसा. पाहुणे शोधत बसू नका. पाहुणे कोनाड्यात असतात. वीतभर लांबीचं एक मशीन, त्याला फुलाफुलांचं झबलं घातलेलं आणि पुढ्यात पाण्यानं भरलेला तांब्या. मशीन पुस्तक वाचत असतं आणि आत्या वाक्यावाक्याला "हं" म्हणत असते.

ही माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. मी सांगलीला असते, शिवणकामाचं दुकान आहे माझं. स्वभावानं जरा काळजीखोर. जरा कसली, चांगलीच. आमचे हे म्हणतात, काळजी करायला काही मिळालं नाही तर हिला त्याचीच काळजी लागते. तेव्हा आत्याचे डोळे गेले त्या दिवसापासून माझं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

आत्याला वाचायचा भारी नाद. सातवीपर्यंत शिकलेली. नवरा मेंढरांमागं आणि ही चुलीपुढं पुस्तक उघडून बसलेली. भाकरी करपली की म्हणायची, "करपू दे, हितं लय इपरीत घडलंय!" पुढं डोळ्यांचा पडदा खराब झाला. डॉक्टरांनी सांगितलं, उजेड-अंधार कळेल, अक्षर दिसायचं नाही. आत्या घरी गेली, पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत घातली आणि नुसती बसून राहायला लागली. संध्याकाळी दिवासुद्धा लावेना. "कुणासाठी लावू?" म्हणायची. मूलबाळ नाही. मामा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झालेली. मी म्हटलं, चल माझ्याकडे सांगलीला. तर म्हणाली, "मला हितनं हलवू नगंस सुमे. मी हितंच बरी हाय."

बरी कसली, कप्पाळ! जेवण निम्म्यावर आलेलं. माझ्या जिवाला घोर लागला.

मग ते मशीन आणलं. अंधांसाठी पुस्तकं वाचून देणारं एक मंडळ आहे, त्यांनी त्यात शंभरेक पुस्तकं भरून दिली. आता आत्याला ते चालवायला शिकवायचं म्हणजे दिव्यच. एवढ्याशा डब्याला बटणं किती! पहिल्या दिवशी तिनं सगळी एकदम दाबली आणि मशीन जे ठणाणा करायला लागलं, ते शेजारच्या हौसाकाकूंनाही ऐकू गेलं. हौसाकाकूंना एरवी कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही. शेवटी मी माझ्या धंद्यातली युक्ती केली. मशीनला जाड कापडाचं झबलं शिवलं आणि एका बटणापुरतं काज ठेवलं. बोट काजात घालायचं आणि दाबायचं, की वाचन सुरू. पुन्हा दाबलं की बंद. बाकीची बटणं कापडाखाली गप्प.

सुरू करायला आत्या लगेच शिकली. बंद करायला मात्र तयार होईना. "आगं, चांगला बोलतुय बिचारा. मधीच त्येचं त्वांड दाबायचं?" धडा संपेपर्यंत ती जागची हलत नाही. संपला की "आता बसा जरा, पानी घ्या," म्हणते आणि मगच बटण दाबते. मशीन चार्जिंगला लावलं की "पावणं जेवायला बसल्यात." वाचणारा घाईत असला तर "गड्या, दम खा की! कुणी मागं लागलंय व्हय?" आणि न्हाणीत जायच्या आधी मशीनचं तोंड भिंतीकडे करून जाते. परका पुरुष आहे शेवटी! बाई वाचत असली तर मात्र तसंच राहू देते.

आणि ते "हं". गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही जुनी रीत. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला समजायचं आणि गोष्ट तिथंच थांबवायची. पण ती रीत माणसासाठी. डब्याला हुंकार द्यायचा म्हणजे काय? आत्याला सांगून बघितलं. "असू दे," म्हणाली.

असू दे तर असू दे. उलट मला त्या "हं"चा आधारच झाला. कारण मी तिला एकटं ठेवायला एका अटीवर तयार झाले होते. तिचा फोन दोनदा वाजला की आपोआप उचलला जाईल अशी सोय दुकानदाराकडून करून घेतली आणि फोन मशीनशेजारी कोनाड्यात ठेवला. मी कधीही फोन करणार आणि ऐकणार. "आणि ज्या दिवशी तुझा आवाज आला नाही, त्या दिवशी गाडी घेऊन येईन आणि उचलून सांगलीला नेईन," असं बजावलं होतं. आत्या म्हणाली, "ने बाई. पर आवाज ईल माजा."

येतही होता. मी ब्लाऊज बेतता बेतता फोन लावायची. पलीकडून वाचणाऱ्याचा आवाज, मग आत्याचं "हं", मध्येच "आगं बया! मग?" माझा जीव भांड्यात पडायचा.

आणि एका रविवारी दुपारी "हं" आलं नाही.

वाचणारा वाचत होता. कुठलीशी रहस्यकथा होती. "त्याने दार ढकलले. आत कोणीतरी निपचित पडले होते." हे वाक्य त्याच वेळी यायचं होतं! मी वाट बघितली. हं नाही. "आत्या!" म्हणून ओरडले. "आत्या, अगं ओ दे!" वाचणारा आपला शांतपणे पुढं निघालेला. शेजारी फोन करावा तर हौसाकाकूंना घंटा ऐकू येत नाही आणि त्यांची सून उचलेना. कात्री तशीच टाकली, यांना जेवणावरून उठवलं आणि निघालो.

विटा आलं, मायणी आली, माझं तोंड बंद नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाला आधी एक नारळ कबूल केला, मग पाच, मग तोरण. हे गाडी चालवता चालवता म्हणाले, "अगं, थोडं देवावर सोड." यांना बोलायला काय जातंय! मला डोळ्यांपुढं न्हाणीचा ओला उंबरा दिसत होता.

घरात शिरले तर मशीन वाचतंय. पुढ्यात तांब्या. आणि समोर मांडी घालून, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून, हौसाकाकू बसलेल्या. मशीनकडे एकटक बघत सारखी मान हलवतायत! नंतर कळलं ते असं: आत्या काकूंच्या सुनेचा हात धरून देवाला गेली होती आणि रविवारच्या गर्दीत दोघी अडकल्या होत्या. निघताना धडा अर्ध्यात होता. पाहुण्यांना तसंच कसं सोडायचं? म्हणून तिनं काकूंना बसवलं. काकूंना ऐकू काहीच येत नव्हतं, तो धडा संपून पुढचे सुरू झाले तेही कळलं नव्हतं, पण कामात कसूर नाही. त्या मानेनं हुंकार देत होत्या.

मी तिथंच खाली बसले आणि हसू का रडू तेच कळेना. एवढ्यात कपाळाला गुलाल लावून आत्या आली. माझा आवाज ऐकून दचकली. "सुमे? अवेळी? कोण गेलं गं?"

"तू गेलीस म्हणून आले!" मी उसळले. "बटण दाबून जायचं ना! त्या डब्याला काय कळतंय कुणी ऐकतंय का नाही ते? माझा प्राण कंठाशी आला होता. बस झालं आता, कपडे भर. सांगलीला चल."

आत्यानं चाचपडत कोनाडा गाठला. चालू धडा संपेपर्यंत थांबली. मग तिनं काजात बोट घालून बटण दाबलं. मग माझ्याशेजारी बसली.

"डब्याला न्हाई कळत," ती म्हणाली. "मला कळतंय. तुज्या मामाला अक्षर येत नव्हतं. मेंढरं घिऊन चार चार म्हयने भाईर. घरी आला की म्हणायचा, तानू, वाच. मी वाचायची, त्यो पडून हं म्हणायचा. गेला त्या येळंला बी मी वाचतच व्हते. हं थांबला. मला वाटलं, दमलाय, डोळा लागला आसंल. मी आपली वाचत ऱ्हायले. पार पान संपवलं, सुमे. दुसरं उलटलं. कुणी न्हाई आन मी वाचतीया."

तिनं पदरानं कपाळावरचा गुलाल उगाच पुसला. "तसं कुणावर यिऊ ने. डबा का आसंना."

कपडे भरायचं नाव मी पुन्हा काढलं नाही. जाताना हौसाकाकूंच्या कानाशी ओरडून सांगितलं, की मान हलवायची ती हलवा, पण तोंडानंही हं म्हणा.

परवा दुपारी दुकानातून फोन लावला. वाचन चालू होतं, आत्याचं हं चालू होतं. मग हं हळू झालं, लांबलं आणि थांबलं. फोन कानाशी घट्ट धरला, तर वाचणाऱ्याच्या आवाजाखाली बारीक घोरणं ऐकू आलं. जेवून डोळा लागला होता बाईचा.

ब्लाऊज न्यायला आलेली बाई समोर उभी होती. मी तिला हातानंच बस म्हणून खुणावलं. पलीकडे धडा अजून बराच बाकी होता आणि वाचणारा एकटाच पडला होता.

"हं," मी फोनमध्ये म्हटलं.