धनसिंगच्या मयताचं पिठलं

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, ऐन जेवणाच्या तोंडावर, भटू आचाऱ्यानं पेटत्या चुलीवर बादलीभर पाणी ओतलं. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात धुराचा लोट उठला. गोवऱ्यांत भाजत आलेल्या कणकेच्या बट्ट्या काळवंडल्या आणि भरताची वांगी अर्धवट भाजून तशीच पडून राहिली. भटूनं हात धुतले, डोक्याचा पंचा सोडून खांद्यावर टाकला आणि तोंड पाडून कट्ट्यावर बसला. वरच्या मजल्यावर पंचविसेक भुकेल्या माणसांना याची गंधवार्ताही नव्हती.

साल एक्याण्णव-ब्याण्णवचं असेल. जळगावात तेव्हा करमणुकीला फार काही नव्हतं, म्हणून माणसं स्वतःच करमणूक तयार करत आणि ती जिवापाड जपत. पाटबंधारे खात्यातल्या रुपचंदनं अशीच एक तयार केली होती. त्याचा मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्यानं कुठल्याशा परदेशी बंदरातून एका खेळाचं पुस्तक आणलं. एकानं कथेकरी व्हायचं, बाकीच्यांनी मनानं एकेक माणूस रचायचा. त्याचं नाव, गाव, ताकद, खोडी सगळं ठरवायचं आणि मग त्याच्याच तोंडून बोलायचं. कथेकऱ्यानं संकटं आणायची, बाकीच्यांनी त्यातून निभावायचं. निभावलं की नाही, हे पुस्तकात वीस बाजूंच्या फाशावर ठरे. तसला फासा जळगावात कोण देणार? रुपचंदनं वीस चिंचोक्यांवर आकडे घातले आणि ते डालड्याच्या डब्यात टाकले. डबा हलवायचा, न बघता एक चिंचोका काढायचा. मोठा आकडा आला तर वाचलात, एक आला तर संपलात.

खेळ आधी रुपचंदच्या घरी चाले. दर रविवारी माजघरातून "मेला, मेला, आडवा झाला!" असा गलका ऐकून त्याची आई सुनंदाबाई वैतागली. "मेला म्हणता ना? मग डोक्यावरून पाणी घ्या. तसे माझ्या घरात फिरू नका," असं तिनं ठणकावलं. तेव्हापासून ज्याचा माणूस खेळात मरे, तो गपचूप नळाखाली डोकं धुऊन येई. पुढे धुळे, शिंदखेडा, चोपडा, फैजपूरपर्यंत मंडळी जमली, पण हा नियम कुणी मोडला नाही. उलट तो सगळ्यांना मनापासून आवडे. इतक्या जिवलग माणसाला निरोप द्यायचा तर एवढं तरी करायला नको का?

मग सगळ्यांचं मिळून दोन दिवसांचं संमेलन भरवायचं ठरलं. अडचण होती ती जागेची. शाळेनं नाही म्हटलं, वाचनालयानं नाही म्हटलं. शेवटी कार्यालयाचे ट्रस्टी चुडामण आबा कसेबसे राजी झाले.

"खेळ बुद्धीचा आहे, आबा," रुपचंद म्हणाला होता.

"बुद्धीचा असो नाहीतर पत्त्याचा. पन गल्लीतून एक तक्रार आली ना, तर पुन्हा पायरी चढू देनार नही."

ही जागा गेली तर दुसरी मिळणार नव्हती, आणि जागा नाही तर संमेलन नाही, हे रुपचंदला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना कुजबुजत मरायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मात्र कुणाचंच नशीब धड नव्हतं. चोपड्याचा मांत्रिक स्वतःच मंत्रानं खणलेल्या खड्ड्यात पडून गेला. फैजपूरच्या पहिलवानाला अस्वलानं गाठलं, कारण पळताना खांद्यावरचा केळीचा घड टाकायला तो काही केल्या तयार होईना. "एवढा वाढवलेला माल असा टाकतात का?" असं त्याचं म्हणणं. शिंदखेड्याचा चोर ज्या घरात शिरला तिथंच त्याला झोप लागली. एकामागून एक मंडळी खाली अंगणातल्या नळावर डोकी धुऊन आली.

आणि सर्वांत शेवटी धनसिंग गेला.

धनसिंग हा धुळ्याच्या तोतारामचा माणूस. तोताराम एस.टी.च्या डेपोत कारकून. इतका भिडस्त, की चहात साखर कमी पडली तरी मागत नसे. पण धनसिंग म्हणून बोलायला लागला, की त्याचा आवाज बदले, पाठ ताठ होई. कित्येक वर्षं तो धनसिंग सगळ्यांना पुरून उरला होता. त्या दुपारी डब्यातून एक आकड्याचा चिंचोका निघाला. तोताराम उठला, खाली गेला, नळाखाली बसला आणि खरोखर रडला. त्याला कुणी हसलं नाही, हे त्या मंडळींचं मोठेपण.

अंगणात चुलीपाशी भटू आचारी हे सगळं बघत होता.

जेवण का येत नाही म्हणून रुपचंद खाली आला आणि विझलेली चूल बघून जागच्या जागी उभा राहिला.

"भटूभाऊ, हे काय केलं?"

"सुतक पडनं ना, भाऊ. सुतकमा तूपनी बट्टी कोनी खास का?" भटू आपल्या अहिराणीत म्हणाला.

"कुणाचं सुतक?"

"ते तुम्हीनच सांगा. बठ्ठा जन, एकूनएक, डोकं धुई ग्यात. कपडासकट! मी काय आंधया शे का? तो धुयेवाला भाऊ ते हमसी हमसी रडी ऱ्हायना."

"अहो, तसं कुणी मेलेलं नाही. धनसिंग गेला, पण तो..."

"धनसिंग!" भटूनं कपाळाला हात लावला. "तरना व्हता का?"

रुपचंद समजवायला तोंड उघडणार, तोच मागच्या दारानं समोरची बेबाबाई आली. तिच्या डोक्यावर भाकरींची टोपली आणि मागे चार बाया, कुणाच्या हातात पिठल्याचं पातेलं, कुणाकडे ठेचा. भटूनं भिंतीवरून एक शब्द टाकला होता, तेवढ्यावर गल्लीतल्या चुली पेटल्या होत्या. परगावची माणसं, घरापासून लांब, त्यात हा प्रसंग. त्यांना उपाशी ठेवणं गल्लीला शोभणार नव्हतं.

"घ्या भाऊ, दोन घास खाऊन घ्या," बेबाबाई डोळ्याला पदर लावत म्हणाली. "मयताच्या कडू घासाला नही म्हनू नये."

रुपचंद घामाघूम झाला. भर उन्हात या बायांनी भाकरी थापल्या आणि आता मयतच खोटं आहे असं सांगायचं? तक्रार म्हणतात ती याहून वेगळी काय असते? त्यानं टोपली उतरवून घेतली आणि मान खाली घातली. वर जाऊन सगळ्यांना हळूच काय ते सांगितलं आणि मंडळी पंक्तीला बसली. भुका अशा लागल्या होत्या, की प्रत्येकानं दुःखी चेहऱ्यानं चार-चार भाकरी हाणल्या.

शेवटचा घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच जिन्यावर काठी वाजली. पांढरी टोपी घालून चुडामण आबा दुखवट्याला बसायला आले होते. सोबत गल्लीतले दोन म्हातारे. त्यांच्यामागून बाया आणि भटूही वर आला. आबा सतरंजीवर टेकले आणि ओल्या केसांच्या तोतारामकडे वळले.

"तुमचे कोन होते?"

"कोण म्हणू आबा," तोताराम म्हणाला. "वर्षानुवर्षं एका जिवानं राहिलो."

"वय काय होतं?"

"तिशीतला. कायम तिशीतच होता."

"बायको, लेकरं?"

"नाही. एकदा जमत आलं होतं, पण ऐन वेळी ती राक्षसीण निघाली."

रुपचंदला जोराचा ठसका लागला. आबांनी सहानुभूतीनं मान हलवली. "असतात एकेकाच्या नशिबात. कसा गेला?"

खरं तर तोतारामनं गप्प बसायला हवं होतं. पण त्याचा माणूस नुकताच गेला होता आणि कुणीतरी पहिल्यांदाच त्याची विचारपूस करत होतं. तो सांगत सुटला.

"सातपुड्याच्या खिंडीत, आबा. मागे अख्खं गाव नदी उतरत होतं. बाया, पोरं, म्हातारी माणसं. पुढून लुटारू आले. धनसिंग म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, यांचं मी बघतो. घोडा होता त्याच्यापाशी. निघून जाता आलं असतं. पण एकटा उभा राहिला. मला नसतं जमलं, आबा."

बेबाबाई मुसमुसायला लागली. आबांचा चेहरा मात्र हळूहळू लाल झाला. त्यांनी काठी आपटली.

"आन लुटारू मोकळे? उठा सगळे! आत्ताच्या आत्ता मोठ्या साहेबाकडं जाऊ. दिवसाढवळ्या मानूस मारतात म्हंजे काय?"

आता मात्र रुपचंदचा धीर सुटला. पोलिसांपर्यंत गेलं तर कार्यालयच काय, नोकरीही जायची. त्यानं आबांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. पुस्तक, चिंचोके, डालड्याचा डबा, नळाखालची डोकी. धनसिंग नावाचा माणूस कधी नव्हताच, हे सांगताना त्यालाही अपराध्यासारखं वाटलं.

मग कोपऱ्यातून भटूचा आवाज आला, "मंग मन्या बट्ट्या फुकट ग्यात?"

"चुकलं, आबा," रुपचंद पुटपुटला. "लगेच सतरंज्या गुंडाळतो. पुन्हा ही पायरी चढणार नाही."

"थांब." आबांनी त्याला काठीनं अडवलं. "ते नदीतले लोक. ते पल्याड पोचले का?"

"अं? नाही, म्हणजे खेळ तिथंच थांबला. धनसिंग गेला आणि आम्ही..."

"म्हंजे बाया-पोरं अजून पान्यातच?" बेबाबाईनं विचारलं.

"तसंच म्हणायचं."

"मंग मेला कायले तो?" आबा गरजले. "त्यानं तिकडं जीव दिला आन तुमी इथं पिठलं खात बसले? बस खाली! आधी त्या लोकायले पल्याड ने."

रुपचंद मुकाट्यानं कथेकऱ्याच्या जागी बसला. डबा आणला गेला. बेबाबाईनं पदराला हात पुसून डोळे मिटले आणि चिंचोका काढला. अठरा! बाया-पोरं काठाला लागली. बाकीच्या बायांनी एकेक काढला आणि गुरं, शेळ्या, गाडगी-मडकीसुद्धा पार झाली. शेवटी एक आंधळी म्हातारी राहिली. तिच्यासाठी आबांनी स्वतः हात घातला.

"चार. चार म्हंजे काय रे?"

"म्हातारी वाहून चालली, आबा."

"माझ्या हातानं?" आबांचा आवाज एकदम बारीक झाला. "कोनी बघा रे तिच्याकडं!"

"सरका!" भटू आचारी माणसं बाजूला सारत पुढे आला. "मी उडी मारस." त्यानं डबा असा खडखडवला, की दोन चिंचोके बाहेर उडाले. मग श्वास रोखून एक काढला आणि रुपचंदपुढे धरला. एकोणीस होता. वरच्या मजल्यावर जो ओरडा झाला, तो ऐकून गल्लीतली उरलेली माणसंही घराबाहेर आली.

आबांनी डोळे पुसले, टोपी नीट केली आणि काठी टेकत उठले. जाता जाता तोतारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं मरन आलं हो त्याला." तोताराम पुन्हा रडला, पण आता त्याला बरं वाटत होतं.

जिन्याशी पोचल्यावर आबा वळले.

"रुपचंद, पुढच्या सालची तारीख आत्ताच सांगून ठेव. नंतर लग्नवाले येऊन बसतात."

रुपचंद धावत जिन्याशी आला.

"आन एक अट हाये."

"तुम्ही म्हणाल ती, आबा."

"मानूस मारायचा, तो जेवनं झाल्यावर मारायचा."