गुडघ्याचे मार्क

"माझा पाय आज तुला मिळणार नाही," दत्तप्रसाद बंद दाराआडून म्हणाला.

हृषीकेश हातात मोजपट्टी घेऊन पॅसेजमध्ये उभा होता. मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीच्या त्या छोट्याशा फ्लॅटमध्ये दत्तप्रसाद त्याचा हाउसमेट होता आणि गेल्या आठवड्यापासून त्याचा पेशंटही.

"का पण?"

"क्लोज कॉन्टॅक्ट. आत्ताच फोन आला. इंडियन ग्रोसरीतला कॅशियर पॉझिटिव्ह निघाला."

"तू फक्त कढीपत्ता आणायला गेला होतास ना?"

"अरे, मार्चपासून पहिल्यांदा कुणीतरी 'कसं काय' विचारलं. मी सांगत बसलो."

यावर रागावणं हृषीकेशला जमेना. त्याला कुणी विचारलं असतं, तर तो अजून तिथेच असता.

पण दुपारी अनॅटॉमीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. २०२० च्या त्या ऑगस्टमध्ये मेलबर्नमध्ये कुणाच्या जवळ जायचं नाही असा कायदा होता, आणि हृषीकेशला शिकायची होती फिजिओथेरपी, म्हणजे लोकांचे हातपाय धरून वाकवणं. युनिव्हर्सिटीने यातून मार्ग काढला होता: विद्यार्थ्याने घरातल्याच माणसाचा गुडघा कॅमेऱ्यासमोर तपासावा.

पहिल्या वर्षी एका सीनियरने त्याला सांगितलं होतं, "नो वरीज मेट, ग्रेड्स कोण बघतंय?" बघतात, हे हृषीकेशला अर्ज भरताना कळलं. फिजिओच्या मास्टर्सवाले सायन्सचा एकेक विषय उलटापालटा करून बघत होते. केमिस्ट्रीत क्रेडिट, म्हणजे पासच्या वरची पायरी, फिजिऑलॉजीत क्रेडिट आणि अनॅटॉमीत नुसता पास. क्रेडिट नसेल तर अर्ज बाजूला. म्हणून त्याने हा विषय पुन्हा घेतला होता. तिसरी संधी नव्हती.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होता एक गुडघा. विमलचा, म्हणजे त्याच्या आईचा. फेब्रुवारीत चिंचवडला तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एप्रिलमध्ये जाऊन आपण स्वतः तिचे व्यायाम घ्यायचे, असं हृषीकेशने ठरवलं होतं. एप्रिलमध्ये विमानंच उडाली नाहीत. तिकडे घरी येणारा फिजिओही लॉकडाउन लागल्यापासून यायचा बंद झाला.

उरला होता तो व्हिडिओ कॉल. चिंचवडच्या ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकून टॅबलेट ठेवलेला असे, आणि इकडे हृषीकेशच्या टेबलावर त्याचा. कॉल दिवसभर चालू. बोलायचं असं काही नसे. ती भाजी चिरे, तो नोट्स काढे. कुकरची शिट्टी झाली की याला भूक लागे, आणि मग हा ब्रेड खाई. आई कमरेपासून वर दिसायची. गुडघ्याचं विचारलं की म्हणायची, "फर्स्ट क्लास. तू जेवलास का?"

त्याने घाईघाईने परीक्षकांना ईमेल केला: घरातला पेशंट आयसोलेशनमध्ये आहे, आईला व्हिडिओवरून तपासलं तर चालेल का?

परीक्षक डॉ. हॉब्स या शिस्तीच्या बाई. परीक्षा सुरू होताच त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावरून विचारलं, "तुझी आई तुझ्याबरोबर राहते का?"

हृषीकेशने टॅबलेटकडे पाहिलं. "दिवसभर," तो म्हणाला.

डॉ. हॉब्सनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं. मग म्हणाल्या, "बरं. व्हिडिओवरून तपासणं हेही आता शिकावंच लागणार आहे. कर सुरू."

हृषीकेशने आपला टॅबलेट लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर उभा केला. "आई, तुझा टॅबलेट खाली स्टुलावर ठेव. मला गुडघा दिसला पाहिजे."

"या परक्या बाईसमोर?"

"त्या डॉक्टर आहेत."

"आणि तुझे मार्क त्यांच्याच हातात?"

"हो."

"मग थांब हं जरा," विमल म्हणाली. टॅबलेट हलला, छत दिसलं, पंखा दिसला, कुजबुज ऐकू आली. मग चित्र स्थिर झालं. खुर्चीवर साडी वर घेतलेला एक पाय होता.

"वाकवा हळूहळू," हृषीकेश परीक्षेच्या आवाजात म्हणाला.

गुडघा वाकला. असा वाकला, की टाच खुर्चीखाली गडप झाली. सरळ झाला, पुन्हा वाकला. डॉ. हॉब्सच्या तोंडून "ब्युटिफुल" निघून गेलं. हृषीकेशने उत्साहाने गुडघ्याची वाटी, तिच्याखालचं हाड अशी नावं घ्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

त्या पायाच्या नखांना लाल नेलपॉलिश होतं. गुडघ्यावर ऑपरेशनचा व्रण नव्हता. आणि घोट्यावरचा भाजल्याचा डागही नव्हता. लहानपणी त्यानेच आईच्या पायावर चहा सांडला होता. तो डाग हृषीकेशने अंधारातही ओळखला असता.

"आई," तो मराठीत म्हणाला, "हा पाय कुणाचा आहे?"

लाल नखांची बोटं आखडली.

"श्यामलाचा," पडद्याबाहेरून विमलचा आवाज आला. "शेजारची श्यामला रे. तिचा एकदम छान वाकतो. माझा दाखवला असता तर तुला नापास केलं असतं बाईंनी."

"आई, मार्क गुडघ्याला नसतात! मला असतात!"

"काहीतरीच. गुडघा वाईट दिसला तर मार्क काय चांगले देतील?"

"मी योगा करते ना," पाय म्हणाला.

डॉ. हॉब्सना एक अक्षर कळत नव्हतं. समोर उत्तम गुडघा होता, विद्यार्थी उत्तम होता. हृषीकेशने पाय कुणाचा ते न सांगता फक्त चार नावं घेतली असती तर क्रेडिट हातात होतं.

"काकू, तुम्ही उठा," तो म्हणाला. "आई, तू बस."

"पेशंट बदलला का?" डॉ. हॉब्सनी विचारलं.

"आधीचा पेशंट डमी होता," हृषीकेशने इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं.

मग विमल खुर्चीवर बसली आणि सहा महिन्यांत प्रथमच त्याला तिचा गुडघा दिसला. सुजलेला, ताठ. ती ओठ दाबून वाकवायला गेली आणि तो जेमतेम हलला.

"फर्स्ट क्लास?" हृषीकेशने विचारलं.

"तू इतक्या लांब. सांगून काय करणार होतास?"

त्यानंतर परीक्षा कुठे गेली ते हृषीकेशला कळलं नाही. त्याने स्टीलचं ताट मागवलं, त्यावर टाल्कम पावडर टाकायला लावली. श्यामलाकाकूंनी ते जमिनीवर ठेवलं, आईने त्यात टाच ठेवली. "ओढ मागे. हळू. दुखलं की थांब. श्वास सोड." टाच ताटातून घसरत इंचभर मागे आली. तो ओरडला, "शाब्बास!" आई म्हणाली, "मेले!" आणि पुन्हा ओढली. तो हात पुढे करून टॅबलेटची काच धरून बसला होता, जणू तेवढाच आधार.

वेळ संपली. एकाही हाडाचं नाव घेऊन झालं नव्हतं.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. हाडांची नावं: शून्य. बाकी सगळ्यात पूर्ण. एकूण क्रेडिट, अगदी काठावरचं. खाली डॉ. हॉब्सनी लिहिलं होतं, 'दुसऱ्या पेशंटची परवानगी असल्यास रेकॉर्डिंग शिकवायला वापरू का?'

पुढच्या मार्चमध्ये हृषीकेशचा मास्टर्सचा पहिला वर्ग भरला, तोही लॅपटॉपवरच. सीमा बंदच होत्या. लेक्चररने व्हिडिओ लावला आणि वर्गभर "मेले!" घुमलं. हृषीकेशच्या आधी त्याची आई अभ्यासक्रमात जाऊन बसली होती.

"कोण गं बाई ही ओरडतेय?" शेजारच्या टॅबलेटमधून विमलने विचारलं.

"तूच."

त्या परीक्षेपासून चिंचवडचा टॅबलेट ओट्यावरून उतरून खाली स्टुलावर आला होता, त्याच्याच हुकमावरून. आता त्याला दिवसभर आईची पावलं दिसायची. गॅसपासून फ्रिजपर्यंत जाणारी, महिन्यागणिक कमी लंगडणारी. चेहरा मात्र दिसत नसे.

पावलं टॅबलेटपाशी आली. "मग? किती मार्क दिले माझ्या गुडघ्याला?" ओट्याला धरून ती हळूहळू खाली वाकू लागली. पदर दिसला, मंगळसूत्र दिसलं, हनुवटी दिसली.

"अजून थोडं वाक," हृषीकेश म्हणाला.

"व्यायाम म्हणून?"

"हो," तो म्हणाला. "व्यायाम म्हणूनच."