मीटर कायले पाह्यजे?

आमचे शेजारी देवरामभाऊ मोटारसायकलवरून जे काढतात, ते पुन्हा बसवत नाहीत. आधी पेट्रोलचा काटा गेला. टाकी हलवून आवाज ऐकला की कळतं, म्हणे. मग वेगाचं मीटर गेलं. "वेग रस्ता सांगते. मीटर कायले पाह्यजे?" 'कायले पाह्यजे' हा त्यांचा लाडका प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं नसतं, पेचकस द्यायचा असतो.

गाडी त्यांच्या लग्नाच्या मागोमागची. अड्याळच्या बाजारात तिचा आवाज आला की भाजीवाल्या आपणहून टोपल्या मागे घेतात. यंदा पोळा झाला आणि भाऊंनी कमालच केली. अख्खं वायरिंग उपसून अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. सुमनवहिनींनी त्यावरच ओलं लुगडं टाकलं आणि बजावलं, रविवारपर्यंत गाडी सुरू झाली नाही तर भंगारवाल्याला बोलावीन. वहिनींची आई लाखांदूरकडच्या एका खेड्यात एकटी राहते. तिथवर एसटी जात नाही, म्हणून दर रविवारी हे दोघं गाडीवरून जातात. एखादा रविवार चुकला की म्हातारी न जेवता दारातच बसून राहते.

त्यामुळे आम्हा सगळ्यांचाच जीव टांगणीला. भाऊ मात्र मजेत. हेडलाइट, मागचा दिवा आणि हॉर्न ठेवायचा, बाकीच्या वायरी कापून टोकांना टेप गुंडाळायची. शुक्रवारी पहिली किक मारली तर हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. अर्धी गल्ली बाहेर आली. भाऊंनी वायर उपटली आणि हॉर्न चांगला आहे, असं शांतपणे जाहीर केलं.

शनिवारी गाडी एकदाची सुरू झाली. मीटरच्या जागी साधा पत्रा, त्यावर दिव्यांचं एक मोठं बटण आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा. मी म्हटलं, तुम्हाला गिअर पायालाच कळतो, मग हा हिरवा दिवा कशाला ठेवला? भाऊंनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"माह्यासाठी नाही, सुमनसाठी हाये. डॉक्टर म्हणते, डोयाची नस वाळून राहिली, आता गाडी चालवू नको. तिले शिकवून राहिलो. एवढे काटे पाहून तिले भेव लागे."

पोळ्याआधी महिनाभर हे दोघं पहाटे शाळेच्या मैदानावर का जात होते, ते मला आत्ता उमगलं.

रविवारी सकाळी वहिनी पदर खोचून, हेल्मेट घालून पुढे बसल्या. समोर शिकाऊ चालकाचा लाल 'एल' चिकटवलेला. मागे भाऊ, मांडीवर डबा. या माणसाला कुणाच्या मागे बसलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. भाऊंना माझा चेहरा दिसला असावा.

"एवढे वर्स चालवली, पण बाजूचे धान कधी पाह्यलेच नाही," ते मला म्हणाले. "आता मांगं बसून पाहून घेतो, दिसते तोवर."

वहिनींनी मान न वळवता गिअर टाकला.

"मंग हळूच चालवतो," त्या म्हणाल्या.