वादळ कुशीवर वळतं

"बाबा, यात तुमची कुस्ती आहे," असं म्हणत सुनेनं शिवणयंत्राशेजारी बोटभर लांबीचा पेन ड्राइव्ह ठेवला, तेव्हा गादीवाले एका उशीला शेवटचा टाका घालत होते. तो टाका उशीऐवजी अंगठ्यात गेला.

"कसली कुस्ती?"

"अहो, वादळ विरुद्ध पोलाद! ते शूटिंगवाले आजोबा दुकान बंद करतायत ना, त्यांच्या माळ्यावर कॅसेट निघाली. वर लिहिलंय, ‘संपूर्ण’. मी यात उतरवून घेतली."

"संपूर्ण?" गादीवाल्यांनी अंगठा तोंडात घातला.

"ते म्हणाले, कॅमेरा स्टँडवर लावला, थोडा वेळ बघितलं आणि कंटाळून घरी गेलो. कॅमेरा दुसऱ्या दिवशी आणला. कॅसेट संपेपर्यंत त्याचं त्यानंच टिपलं असणार."

"तू बघितलीस?"

"छे हो! उद्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून बघायची. भिंगरीनं वर्गातल्या मुलींनासुद्धा बोलावलंय."

सून निघून गेली. दुपारच्या उन्हाची एक तिरीप दुकानात शिरली होती आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते. ना वर जात होते, ना खाली येत होते. गादीवाले बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसले.

तरुणपणी गादीवाले ‘वादळ’ या नावानं खेळाच्या कुस्त्या लढत. खेळाच्या म्हणजे निकाल आधी ठरलेल्या. निळा झगा, त्यावर चंदेरी वीज, आणि ते रिंगमध्ये शिरताना पडद्यामागे कोणीतरी पत्रा हलवून गडगडाट करी. पोलादशी झालेली कुस्ती आपण जिंकलो, असं ते घरात कधीही म्हणाले नव्हते. नातीनं, म्हणजे भिंगरीनं, "आबा, पोलाद आजोबांनी तुम्हाला पाडलं का हो?" असं विचारलं तेव्हा ते एवढंच बोलले होते, "मला? मला पाडायची कोणाची छाती होती?" हे अक्षरशः खरं होतं. त्यांना कोणी पाडलं नव्हतं. ते आपणहून आडवे झाले होते.

उरलेली कुस्ती भिंगरीनं स्वतः रचली आणि वर्गात सांगितली. तिच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीचा मामा खराखुरा पहिलवान होता. ती म्हणाली, "थापा आहेत." भिंगरी म्हणाली, "ये मग घरी, दाखवते." एवढ्या विश्वासानं आपल्याविषयी आजवर कोणी बोललं नव्हतं, हे गादीवाल्यांना ठाऊक होतं. उद्या संध्याकाळी तो विश्वास वर्गासमोर पांढऱ्यावर काळा होणार होता.

दुकानाचं शटर ओढून ते पोलादकडे गेले.

पोलाद आता वजनकाटे दुरुस्त करी. अंगावरचं पोलाद केव्हाच उतरलं होतं. चष्मा होता, खोकला होता आणि समोर वजनं उंचीप्रमाणे रांगेत उभी होती.

"उद्या दाखवणार आहेत," गादीवाले म्हणाले.

"दाखवू देत की! मी आधी आडवा झालो होतो, हे जगाला कळू दे एकदाचं."

"अरे लेका, मी आधी झालो होतो!"

"तू गुडघ्यावर होतास. गुडघा टेकणं म्हणजे आडवं होणं नव्हे."

हा वाद दर रविवारी चहाबरोबर होई आणि चहाबरोबरच संपे. त्याचं मूळ असं. कुस्तीच्या दिवशी सकाळी खेळ भरवणाऱ्या मालकांनी पोलादला सांगितलं, "आज तू हरायचंस." दुपारी त्यांचं मन बदललं. त्यांनी वादळाला बोलावून सांगितलं, "आज तू हरायचंस, त्याला कळव." आणि दाढ ठणकत होती म्हणून ते दाताच्या डॉक्टरकडे निघून गेले. आपणच घालून दिलेला एक नियम ते विसरले होते. खेळाच्या दिवशी दोन वैऱ्यांनी एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. बोलताना प्रेक्षकांपैकी कोणी पाहिलं तर वैरातली हवाच जाईल. वादळानं नियम पाळला. निरोप पोटातच राहिला.

त्यामुळे त्या दुपारी रिंगमध्ये हरण्याची शपथ घेतलेले दोन मल्ल समोरासमोर आले. सुरुवातीची धरपकड बरी झाली. मग वादळानं पोलादला बोट लावलं आणि पोलाद कोसळला. त्याच्या पडण्याचा वारा लागून वादळ कोसळलं.

"ऊठ," पोलाद कुजबुजला. "आज मी हरायचंय."

"मालकांनी मला सांगितलंय."

"मला सकाळी सांगितलंय."

"मला दुपारी."

"मग आता?"

"मालकांना विचारून येऊ?"

"आणि लोकांना काय सांगू? जरा थांबा म्हणून?"

जो उठेल त्यानं मालकांचा हुकूम मोडला, असा तो पेच होता. दोघेही हाडाचे इमानी. कोणी उठेना. पंचानं पुन्हा पुन्हा आकडे मोजले; पण दोघेही आपापल्या जागी उताणे, कोणी कोणाच्या अंगावर नाही, मग निकाल कोणाच्या नावावर द्यायचा? शेवटी त्यानं शिट्टी फेकली आणि घंटा न वाजवताच तो घरी गेला. प्रेक्षकांनी आधी शिव्या दिल्या, मग जांभया दिल्या, मग पाठ दिली. दोन्ही मल्ल आदली रात्रभर ट्रकमध्ये उभे राहून आलेले. रिंगच्या कापडाखाली उत्तम पिंजलेल्या कापसाची गादी होती. पुढचं त्यांना आठवत नव्हतं.

जाग आली ती कुठंतरी घंटा वाजल्यामुळे. हॉल रिकामा. वादळाच्या डोक्याखाली एक लाल उशी होती. तिच्यावर खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा शिक्का होता. दुसऱ्या दिवशी ते उशी परत करायला गेले. गल्ल्यावर त्या दुकानदाराची मुलगी बसली होती. ती म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडेच." ते तरीही त्याच्या पुढच्या दिवशी परत गेले, त्याच्याही पुढच्या दिवशी गेले. तीच आता भिंगरीची आजी. लाल उशी अजून दुकानात खुंटीला टांगलेली होती.

"माझ्या डोक्याखाली काही नव्हतं," पोलाद दर रविवारप्रमाणे म्हणाला. "मान धरली होती माझी. आठवडाभर मी कडेलाच बघत होतो."

"मानेचं राहू दे. पोरीचं काय करायचं ते सांग. ती तुलाही विचारायची ना?"

"विचारायची. मी म्हणायचो, घंटा झालीच नाही, म्हणजे कुस्ती अजून चालू आहे. तिला वाटायचं हरलेल्याचं रडगाणं." पोलादनं चष्मा पुसला. भिंगरीवर त्याचाही जीव होता. "तुमचा टीव्ही मागून उघडतो ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलाद चहाला आला आणि खिशात एक बारीकसा भाग घेऊन गेला. संध्याकाळी सुनेनं बटण दाबलं. टीव्हीनं हूं की चूं केलं नाही.

"अरेरे," गादीवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी हळहळ होती की बायकोनं मान वर करून पाहिलं.

"काळजी नको," सून म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या क्लासवाल्या सरांकडे प्रोजेक्टर आहे."

सर प्रोजेक्टर घेऊनच खाली आले. चित्र पाडायला घरात मोकळी भिंत नव्हती, पण दुकानात डबल गादीच्या खोळीचं पांढरं कापड होतं. म्हणून मंडळी दुकानात गेली. खुर्च्या पुरेनात, तेव्हा सूनच म्हणाली, "अहो, गाद्यांच्या दुकानात खुर्च्या कशाला हव्यात?" तयार गाद्या जमिनीवर पसरल्या. शटर उघडं राहिल्यानं रस्त्यावरून जाणारा इस्त्रीवाला थांबला. त्याला पाहून औषधांच्या दुकानातला माणूस आला. त्याच्या पाठोपाठ दोन गिऱ्हाईकं आली. मूळ कुस्तीला शेवटी उरले होते त्याहून अधिक प्रेक्षक जमले.

"एक भाग काढायला सांगितला," गादीवाले पोलादच्या कानात म्हणाले, "तर अख्खं थिएटर उभं राहिलं."

"मी काय इमारतीतली वीज काढू?"

दोन वेण्यांची मुलगी हाताची घडी घालून सर्वांत पुढे बसली. भिंगरी तिच्या शेजारी. दिवे मालवले.

कापडावर आधी नुसतं पांढऱ्या ठिपक्यांचं बर्फ पडलं. मग त्यातून हॉल उगवला. पाण्याखालच्या गावासारखा दिसत होता. निळा झगा घातलेला एक सडपातळ तरुण हात उंचावून आत आला. गादीवाल्यांना त्याच्याविषयी एकदम माया वाटली. याला कोणीतरी सांगायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं. पण काय, ते त्यांना सुचेना.

"आबा!" भिंगरी किंचाळली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. धरपकड झाली. मग तो तरुण पडला, चंदेरी रंगवलेला दुसरा तरुणही पडला, आणि दोघे पडून राहिले.

"बघ, बघ!" पोलादनं कोपर मारलं. "मी आधी!"

"गुडघा बघ माझा."

"तेच तर म्हणतोय, गुडघाच आहे तो."

"आता उठतील," भिंगरी मैत्रिणीला म्हणाली.

ते उठले नाहीत. पंच मोजत राहिला. त्याचा आवाज लांबून अंगाई म्हटल्यासारखा येत होता. पंच गेला. एकेक करून प्रेक्षक गेले. वरच्या झरोक्यातला उजेड रिंगवर सरकत राहिला आणि घोरणं ऐकू येऊ लागलं. इकडे दुकानातही इस्त्रीवाला कलंडला. सर भिंतीला टेकले ते गादीवरच उतरले. औषधवाला, दोन गिऱ्हाईकं, मुली, सगळी हळूहळू आडवी झाली. चांगल्या गादीचा गुण असा बेमालूम असतो. एरवी गादीवाले सुखावले असते.

दोन वेण्या मात्र ताठ होत्या. "झोपलेत तुझे आबा," त्यांची मालकीण म्हणाली.

भिंगरी गुडघ्यांवर उठून बसली. मग कापडाकडे पाहत, आपल्याशीच बोलल्यासारखं हळूच म्हणाली, "आबा, उठा ना."

गादीवाले पुढे सरकले. "भिंगरे, अगं, त्याचं असं आहे..."

"श्श!" पोलाद म्हणाला. "कोणीतरी आलं."

रिकाम्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या कडेला रचत एक मुलगी येत होती. रिंगजवळ ती थांबली. बराच वेळ तिनं त्या दोघांकडे पाहिलं. मग एका खुर्चीवरची उशी उचलून ती दोरांतून आत शिरली आणि निळ्या झग्यातल्या तरुणाचं डोकं अलगद उचलून तिनं ती खाली सारली. डोक्याला आधार मिळाल्याबरोबर वादळ समाधानानं हुंकारलं, कुशीवर वळलं, आणि त्याचा हात हवेत उठून धप्पकन पोलादच्या छातीवर पडला.

मुलगी दचकली. मग ती वाकली. पोलादचा एक खांदा टेकलाय का ते तिनं पाहिलं. दुसरा पाहिला. आणि गुडघ्यांवर बसून गादीवर तळहात आपटत मोजलं, "एक. दोन. तीन."

ती उठली, दोरांतून बाहेर गेली, जाता जाता तिनं पंचाच्या टेबलावरची घंटा वाजवली आणि खुर्च्यांच्या थप्पीमागे पळाली. कापड निळं झालं. कॅसेट संपली होती.

"जिंकले!" भिंगरीनं गादीवरून उडी मारली. "खांदे टेकले! घंटा झाली! जिंकले आबा!"

"बाहेरच्यानं उशी दिली!" दोन वेण्या उसळल्या. "हा फाउल आहे!"

सगळ्यांनी पोलादकडे पाहिलं. वजनमापाचा माणूस. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "उशी देऊ नये असं नियमात नाही," तो म्हणाला. "खांदे दोन्ही टेकले होते. मोजणी पूर्ण झाली. घंटा झाली." आणि मग त्याचा आवाज एकदम ओला झाला. "म्हणजे मी हरलो! मालक असायला हवे होते आज. सांगितलेलं काम मी चोख केलं होतं रे."

"आणि मी?" गादीवाल्यांनी विचारलं.

"तू? तुलाही हरायलाच सांगितलं होतं ना? तू हुकूम मोडलास, लेका. जिंकलास तू."

दोन वेण्यांनी हाताची घडी सोडली. "झोपेत तर माझा मामासुद्धा कधी जिंकला नाही," शेवटी त्या नाइलाजानं म्हणाल्या आणि भिंगरीला खेटून आडव्या झाल्या.

आजी खुंटीपाशी उभी होती. तिनं लाल उशी काढली, झटकली आणि पोलादपुढे धरली. "घ्या भावजी. तुमची द्यायची राहिली होती. एकच होती हो हाताशी." पोलादनं ती दोन्ही हातांनी घेतली, मानेखाली ठेवून पाहिली, आणि तिथंच त्याला डोळा लागला.

प्रोजेक्टरच्या निळ्या उजेडात कापसाचे तंतू तरंगत होते. गाद्यांवर अख्खी वस्ती झोपली होती.

"अगं," गादीवाले हळू आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं तू एका शब्दानं बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही झोपेत जिंकलात म्हणून? तुमच्या तोंडावर सांगायचं ते?"

"तरी पण."

"शिवाय त्यात नवल ते काय राहिलंय? लग्न झाल्यापासून रोज रात्री कुशीवर वळता आणि तो हात टाकता. चांगला मणभर हात. माझे दोन्ही खांदे टेकलेले असतात. मी आपली मोजते, एक, दोन, तीन."

"आणि मग?"

"मग काय? घंटा वाजवत नाही," ती म्हणाली. "वाजवली की तुम्ही उठता."