कुसुम सिस्टरचं नाटक

प्रिय सई आणि ईशान,

सईच्या कॉलेजात बायकांच्या शरीराविषयी एक नाटक बसतं आहे आणि सई त्यात काम करते आहे, ही बातमी मला फोनवर ईशानच्या तोंडून चुकून कळली. मागून तुमच्या आईचा ‘अरे, आजीला नको सांगू’ असा दबका आवाजही आला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत होते. आजीला भोवळ येईल, अशी तुमची समजूत दिसते. म्हणून लगेच लिहायला बसले. अशा एका नाटकात मी स्वतः काम केलेलं आहे. तेही आमच्या गावात, देवळासमोरच्या मांडवात. पण नाटकाआधी ते बसवणारीविषयी सांगायला हवं. क्रमानेच सांगते.

आमच्या शेजारची कुसुम सिस्टर पिशवीत गर्भाशय घेऊन फिरते.

घाबरू नका. कापडाचं आहे. लाल मखमलीचं, आत कापूस भरलेलं, दोन्ही बाजूंना दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला गुंडाळलेल्या लोकरीचे दोन गोळे. सरकारी दवाखान्यात नर्स असताना तिने ते स्वतः शिवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते तिच्या पिशवीत भेंडी आणि कोथिंबिरीच्या शेजारी असतंच. एकदा आम्ही दोघी टमटमने कर्जतला निघालो होतो. सिस्टरला पदर सारखा करायचा होता, म्हणून तिने ती वस्तू शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवली.

“काय वो हे? उशी?” त्यांनी विचारलं.

“गर्भाशय हाय. धरा जरा. दाबू नका.”

त्या गृहस्थांनी ते कर्जत येईपर्यंत दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू काही काचेचं आहे. उतरताना सिस्टर त्यांना म्हणाली, “बघा, नऊ मिनिटांत घाम फुटला. आमी जलमभर घेऊन फिरतो.”

तिची दुसरी खोड म्हणजे, अवयवाचं नाव घेतल्याशिवाय ती औषध सांगत नाही. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बायका अजूनही तिच्याकडे येतात. ओटीवर बसतात, इकडे तिकडे बघतात आणि म्हणतात, “सिस्टर, जरा तसला तरास हाय.”

“कसला?”

“तसलाच. बाईमान्साचा.”

“बाईमान्साला दाढ पन दुखते. कुठं दुखतंय सांग. लाज खुंटीला टांग आन बोल.”

खुंटी खरीच आहे. ओटीवर दाराशेजारी. लाज टांगायला, म्हणते. त्या खुंटीवर तिच्या भावाची, दत्तूभाऊंची, टोपी असते. बायका टोपीकडे बघतात, हसतात, आणि हसता हसता सांगून टाकतात.

माझीही तिने सुटका केली नाही. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. हे सगळे शब्द मी इंग्रजीत खणखणीत उच्चारू शकते. मराठीत म्हणायची वेळ आली की मी ‘ते आपलं’ म्हणून पुढे जाते. हे मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “इंग्रजीत कुनाला दुखत नाय, बाई. तुमी मराठीत म्हना.” मग माझ्याच स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, तिने माझ्याकडून ‘योनी’ हा शब्द तीनदा म्हणून घेतला. आजोबा बाहेर पेपर वाचत होते. त्या दिवशी त्यांनी पेपर फार वेळ वाचला.

तर नाटक. एका वर्षी संक्रांतीच्या आधी सिस्टर बचत गटाच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, “यंदा हळदीकुंकवाला वाणात प्लास्टिकचे डबे नाय वाटायचे. नाटक करू.”

“कसलं नाटक, सिस्टर?” संगीताने विचारलं. संगीताचं माहेर पोशीर; ती गटातली सगळ्यात तरुण.

“आपल्या अंगाचं. अंगाला काय आवडतं, काय नाय आवडत, कुनी हात लावला, कुनी हात उचलला. जिनं तिनं आपलं बोलायचं.”

सिस्टर आणि मी धरून आठ जणी तयार झालो. तालमी शाळेच्या रिकाम्या वर्गात, दुपारी. माझ्याकडे वही दिली होती, कारण माझं अक्षर चांगलं आणि मी कोणाचं काही बाहेर बोलत नाही. पहिला आठवडा नुसता खिदळण्यात गेला. संगीता उभी राहायची, “माझं लगीन झालं तवा…” म्हणायची आणि पदर तोंडात कोंबून खाली बसायची. बाकीच्या फळ्याकडे बघायच्या. सिस्टर चिडून मखमलीचं गर्भाशय टेबलावर आपटायची.

यातून वाट काढली ती हिराआजीने. हिराआजी आमच्याकडची धवलारीण. म्हणजे लग्नात धवळे गाऊन लग्न लावून देणारी. तिला नाटकात घेतलं नव्हतं. ती नुसती कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत असे. एके दिवशी तिने सूप बाजूला ठेवलं.

“काय गं पोरींनो, हळदीला काय गाता तुमी? याहीनीला काय काय म्हनता, याह्याला काय म्हनता? आख्खा मांडव लाल होतो. तवा कुठं जाते ही लाज?”

“आजी, ते गानं असतंय,” संगीता म्हणाली.

“मग हे पन गानंच कर.”

आणि तिने तिथल्या तिथे हळदीच्या चालीवर एक ओळ धरली. आठ जणींनी ती सवयीने उचलली. पाऊण तासात संगीताची अख्खी पहिली रात्र गाऊन झाली आणि ती सगळ्यांनी टाळ्या देत म्हटली. गाण्यात जे येत होतं ते मग बोलण्यातही येऊ लागलं. कोणाला दर महिन्याला गोठ्याशेजारी निजवत होते, कोणाला सुख म्हणजे काय हे चाळिसाव्या वर्षी कळलं होतं, कोणाच्या पाठीवर इस्त्रीचा डाग होता. मी लिहीत गेले. सई, मी शेक्सपिअर शिकवलेली बाई आहे; पण त्या वहीत मी एकाही शब्दाची दुरुस्ती केली नाही.

सिस्टरचा भाग शेवटी होता. तो तिने तालमीत एकदाही म्हटला नाही. वहीत लिहू दिला नाही. “माजं मी बघते,” एवढंच.

हळदीकुंकू दुपारी चारला होतं. देवळासमोर मांडव घातला होता आणि चारही बाजूंनी कनात लावली होती, कारण हळदीकुंकवाला पुरुषांनी यायचं नसतं. दीडशे बायका असतील. विधवा, टाकलेल्या, सगळ्यांना बोलावणं होतं. त्यांना हळद लावायला सिस्टर स्वतः दारात उभी. मीच सूत्रधार. मी माइकपुढे उभी राहिले, तो शब्द मराठीत एकदाच, पण स्पष्ट म्हटला आणि नाटक सुरू झालं.

आता झालं होतं असं की, मांडववाला बाळाराम आमच्याकडे सप्ताहाचा मांडव घालतो. सप्ताहाला कीर्तन सगळ्या गावाला ऐकू जावं म्हणून गावाच्या चारही कोपऱ्यांवर भोंगे लावतात. त्याने हळदीकुंकवालाही तसेच लावले होते. आम्ही आत, कनातीमागे, आपण बायका-बायकाच आहोत या खात्रीने मोकळ्या झालो होतो. आणि आमचा शब्द न् शब्द पिंपळाच्या पारावर, दूध डेअरीत, पुलाजवळच्या वडापावच्या गाडीवर आणि पार खळ्यापर्यंत जात होता.

दुसरी, संगीताची, गोष्ट चालू असताना कनातीबाहेरून सरपंचांचा आवाज आला. “अवो, बंद करा! भायेर समदं ऐकू येतंय!”

मी आत्ताच जमिनीत जाते की काय, असं मला झालं. भोंग्यांचं मशीन आत होतं, आमच्या पायाशी. पण कोणतं बटण दाबायचं हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. बाळारामला ठाऊक होतं, पण बाळाराम बाहेर.

“बाळारामला आत सोडा!” सरपंच ओरडले.

हिराआजी कनातीच्या तोंडाशी जाऊन बसली. मांडी घालून.

“हळदीकुंकू हाय,” ती म्हणाली. “बाप्यानं पाय टाकायचा नाय.”

“आजी, अवो गावाची अब्रू…”

“मग कान झाका. कान तुमचेच हायेत.”

रीत म्हणजे रीत. दीडशे बायकांच्या हळदीकुंकवात शिरायची हिंमत आमच्या गावात कोणाला नाही. सरपंचांना तर नाहीच, कारण त्यांची आई पहिल्या रांगेत बसली होती. ती मागे न वळता म्हणाली, “सदा, घरी जा रं.” आम्ही आठ जणींनी एकमेकींकडे बघितलं. संगीताचा चेहरा पांढरा पडला होता. तिचा नवरा डेअरीवर असतो. तिने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाली, “चालू द्या.” आणि संगीताने उरलेली गोष्ट आधीपेक्षा मोठ्याने सांगितली.

सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी, सिस्टर उभी राहिली.

तिने गाणं म्हटलं नाही. सरळ बोलली. मला आठवतं तसं देते.

“माजं लगीन एकोनिसाव्या वर्षी झालं. नवरा रसायनीला कारखान्यात होता. तो जवळ आला का मी नको म्हनायची, आन नको म्हटलं का पट्टा काढायचा. मग पट्टा ठेवायचा आन पायजे ते घ्यायचा. तीनदा मी माहेरी पळून आली. तीनदा माज्या दादानं मला सायकलवर बसवून परत सोडली. जाताना वाटेत लिमलेटच्या गोळ्या घेऊन द्यायचा. दादा वाईट नव्हता. त्यानं इचारलं नाय, मी सांगितलं नाय. तिसऱ्या खेपेला मला दिवस गेले व्हते. ते त्यानं लाथेनं पाडलं. चौथ्यांदा मी दादाकडं नाय आली. दवाखान्यात गेली आन तिथंच राह्यली. तिथल्या सिस्टरनं मला शिकवलं. गाव म्हनतंय, कुसुम नांदली नाय. नांदली नाय ते का, ते आज सांगितलं.”

एवढंच. ती खाली बसली. बाहेर पारावर कुणीतरी मोटारसायकल बंद केली, ते ऐकू आलं.

गावात आठ दिवस बरंच काही झालं. संगीताचा नवरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “तुला खरंच दुखत व्हतं?” सरपंचांनी बाळारामला फैलावर घेतलं. बिचारा माझ्याकडे रडगाणं घेऊन आला.

“बाई, माजी चूक नाय. मी सकाळीच भोंगे काढाय शिडी लावली व्हती. सिस्टरनं सांगितलं, र्‍हाऊ दे.”

मी तडक शेजारी गेले. दत्तूभाऊ आतल्या खोलीत खाटेवर होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते वर्षभर घराबाहेर पडलेले नव्हते. घरामागेच पिंपळ, आणि पिंपळावर एक भोंगा. सिस्टर ओटीवर वाल सोलत होती. मी हळू आवाजात विचारलं, “तुला माहीत होतं?”

तिने वाल सोलणं थांबवलं नाही.

“नोकरी लागून घरी परत आली तवापासून पन्नास वर्सं एका चुलीवरचं खातोय आमी, बाई. रोज तोंडाशी यायचं. तो भात कालवत असायचा, मी गप बसायची. आख्ख्या तालुक्याला बोलती केली मी. दादाम्होरं नाय जमलं.”

“मग आता काही बोलले का?”

“नाय.”

“आणि तू?”

“मी काय बोलू? माजं बोलून झालं.” तिने शेंगा चाळवल्या, एक उगाच पुन्हा उचलली. “ऐकलं असंल ना वो, बाई? का झोपला व्हता?”

लाज खुंटीला टांगायला सांगणारी ही बाई, आणि भाऊ जागा होता का हे मला विचारत होती.

उत्तर महिन्याभराने कळलं. शेजारच्या गावाने नाटकाला बोलावलं. निघायच्या दिवशी सकाळी दत्तूभाऊंनी मला आत बोलावून घेतलं. भिंतीकडे बघत म्हणाले, “बाई, मी आलो तर चालंल का? आत नाय. भायेर बसंन.”

टेंपोत त्यांच्यासाठी खुर्ची चढवली. सिस्टर पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसली. तिकडे पोचल्यावर मी त्यांची खुर्ची कनातीबाहेर टेकवून दिली. त्यांनी ती स्वतः फिरवून घेतली, मांडवाकडे पाठ करून. कनात मध्ये थोडी उघडी होती. सिस्टरची पाळी आली तेव्हा तिला त्या फटीतून त्यांचा पाठमोरा सदरा दिसत होता. ती त्या सदऱ्याशी बोलली. ‘दादा वाईट नव्हता’ या वाक्याला तो सदरा हलायला लागला. तिने पुढचं वाक्य जरा थांबून, नीट, पूर्ण म्हटलं.

नंतर त्या दोघांत यावर काही बोलणं झाल्याचं मला माहीत नाही. मी शेजारी राहते. झालं असतं तर कळलं असतं. ते दर प्रयोगाला आले, पाठमोरे बसले. तीन वर्षांपूर्वी गेले; टोपी अजून खुंटीवरच आहे.

सई, तुझ्या नाटकाचं मला सगळं कळव. आईच्या परवानगीची गरज नाही. आमचं अजून होतं. गेल्या महिन्यात साजगावच्या कारखान्यांतल्या बायकांनी बोलावलं होतं. हिराआजी आता नाही, गाणं धरायला तिची जागा संगीताने घेतली आहे. आठ जणी गेलो होतो. आठही जणी बोललो, मीसुद्धा.

तुमची,
आजी