खुर्ची क्रमांक ३१२, बसणारी व्यक्ती अज्ञात

खुर्ची बसण्यासाठी असते, हा समज मागासलेल्या समाजांत अजूनही आढळतो. कोपनहेगन पुढारलेले शहर आहे. तिथे खुर्ची पाहण्यासाठी असते. बसायला सायकल आहे.

तिथल्या एका कलावस्तुसंग्रहालयात तीनशे अकरा खुर्च्या होत्या आणि प्रेक्षकांना टेकायला दोन बाके (पैकी एक कलाकृती). तिसऱ्या मजल्यावर बोडिल स्कोगार्ड ही रखवालदार दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर एकोणीस वर्षे बसत होती. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली तिने पुठ्ठ्याची घडी सारली होती. गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, बसून काम कर, नाहीतर काम सोड. काम तिला सोडायचे नव्हते.

मार्चमध्ये टॉर्बेन नावाचे नवे संग्रहपाल आले. त्यांनी तिला क्षणभर उठवून खुर्ची उलटी केली, तळाचा शिक्का पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. खुर्ची दुर्मीळ निघाली. पाच तज्ज्ञांच्या समितीने चार बैठका घेतल्या (सर्व उभ्याने, सभागृहातल्या खुर्च्याही मौल्यवान आहेत). ठराव झाला, की खुर्ची चौथऱ्यावर ठेवावी, भोवती दोर बांधावा आणि दोराची राखण त्या मजल्याच्या रखवालदाराने करावी.

"पण टॉर्बेन, मी बसू कशावर?"

"अगं, काय सुंदर प्रश्न विचारलास," टॉर्बेन हळवे होत म्हणाले. "पाटीवर घेऊया."

आणि खरेच घेतला. पाटीवर पुठ्ठ्याचीही नोंद झाली (मूळ, दुमडलेला), खुर्चीच्या उजव्या हातावरच्या कॉफीच्या डागाचीही. बैठकीला पडलेल्या खळग्यापुढे लिहिले, 'बसणारी व्यक्ती अज्ञात'. तो खळगा माझा आहे, असे बाईंनी कार्यालयात जाऊन सांगितले. कार्यालयाने शांतपणे नियम चौदा दाखवला. रखवालदाराने कामावर असताना बसू नये. तेव्हा बाई बसल्या असणे शक्यच नव्हते.

प्रेक्षकांपैकी ब्याण्णव टक्क्यांना खळग्यात मानवी एकाकीपण दिसले. उरलेल्यांनी पाटी वाचली नव्हती.

एकदा शाळेची सहल आली. सिग्ने नावाच्या मुलीने विचारले, "इथे कोण बसायचं?"

"मी," बाई म्हणाल्या.

मुलीने खळगा पाहिला, मग बाईंच्या मागे जाऊन पाहिले. "जुळतंय," ती म्हणाली.

"सिग्ने, नीट वाच बरं," शिक्षक म्हणाले. सिग्नेने वाचले, आणि सगळ्या वर्गाबरोबर वहीत लिहिले, अज्ञात.

त्या दुपारी बाईंचे गुडघे संपले. त्यांनी दोर ओलांडला, चौथऱ्यावर चढल्या आणि बसल्या. खळगा अगदी बरोबर भरला. प्रेक्षकांनी पुन्हा पाटी पाहिली. तिच्यावर बाईंचा उल्लेख नव्हता, म्हणून कलाकृती नीट दिसावी यासाठी बाई उठण्याची ते सभ्यपणे वाट पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तिथे नवा रखवालदार आहे. गुडघे उत्तम.

या लोकांना तुम्ही हसलात, ते ठीकच. पाटी वाचून माणूस विसरणे वाईटच. तुम्हीही वरची पाटी वाचूनच आत आलात. बाईंचे नाव मात्र दुसऱ्याच परिच्छेदात स्वच्छ सांगितले होते.

वर न पाहता सांगा बरं.