तारबाबूंच्या वहीतली शून्यं

पांढुर्ण्याच्या तारघरातले गजभिये तारबाबू ‘जेवण झालं का?’ या प्रश्नाला कधीच उत्तर देत नसत. एकदा डबा खाऊन आम्ही दोघं हात धूत होतो. मी सवयीनं विचारून बसलो.

“तुमच्यासमोरच खाल्लं ना जी? जवाब तुमाले मालूम हाय. मंग यात बातमी किती? शून्य!”

माझं रजिस्टर पत्रांचं टेबल त्यांच्या शेजारीच, त्यामुळे दिवसाकाठी आठ-दहा शून्यं माझ्या वाट्याला येत.

ही खोड लागली ती ऐंशी सालानंतर कधीतरी. नागपूरच्या रद्दीत त्यांना एक हिंदी विज्ञान-मासिक सापडलं. त्यात लिहिलं होतं की माणसाच्या अंगातले ज्ञानतंतूही मेंदूला कट्ट-कट्ट करत तारा पाठवतात, आणि त्या तारेत बातमी किती हे मोजता येतं. आधी ओळखता न येणारं उत्तर आलं, तर बातमी. काहीही केलं तरी एकच उत्तर आलं, तर शून्य. जन्मभर तारयंत्रावर बसलेल्या माणसाला हे वाचून बढती मिळाल्यासारखं झालं.

मग प्रयोग सुरू. मला डोळे मिटायला लावून मानेला कधी थंड चमचा लावत, कधी बाभळीचा काटा. मी दोन्ही वेळा “आई गं!” म्हणून ओरडलो.

“दोन्हीले एकच जवाब! तुमची लाइन खराब हाय, बाबू.”

शेजारच्या म्हशीपुढे त्यांनी थाळी वाजवली, शिट्टी फुंकली, गाणंसुद्धा म्हटलं. ती प्रत्येक वेळी डावा कान तेवढा हलवायची. त्यांच्या वहीत तिच्या आणि माझ्या नावापुढे सारखंच शून्य होतं. मला त्याचा राग अजून आहे.

वही खरी कशासाठी होती, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

त्यांच्या बायकोला, वच्छलावहिनींना, लकवा मारून सहा महिने झाले होते. वाचा गेलेली, नजर छताला. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. ते आपोआप हलतं, त्यांना काही कळत नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. मी पोचलो तेव्हा तारबाबू त्यांना चमच्यानं पातळ खिचडी भरवत होते. तोंड पुसून झाल्यावर त्यांनी वही दाखवली. रोज ते वहिनींच्या नाकाशी कधी संत्र्याची साल धरत, कधी घासलेटची चिंधी, आणि बोट किती वेळा हललं ते लिहीत. दोन्हींपुढे तीन, तीन, तीन. पानंच्या पानं भरली होती.

“म्हशीवानी निघालं जी,” त्यांनी वही मिटली. “शून्य. डॉक्टर खरंच बोलून राहिला होता.”

 

काही सुचेना म्हणून मीच साल उचलून वहिनींच्या नाकाशी धरली. बोट हललं, टकटकटक. मग चिंधी धरली. टक. बराच वेळ काही नाही. मग टकटक.

“तारबाबू, तीनच आहेत, पण चाल वेगळी आहे हो!”

त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “जिंदगीभर दोन कट्टच्या मंधातली जागा आयकून तारा लिवल्या, आन् घरी येऊन नुसते कट्ट मोजून राहिलो! गधा हाव मी, गधा!”

मग पाठ फिरवून, डोळे मिटून त्यांनी वहिनींचं बोट हातात धरलं. मी मनाला येईल ते धरत गेलो.

“संत्रं.” बरोबर. “घासलेट.” बरोबर. “घासलेटच.” तेही बरोबर. एकदाही चुकले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. वहिनी आत जाग्या होत्या. इतके दिवस सांगत होत्या.

मी निघालो तेव्हा तारबाबू खाटेशी वाकून विचारत होते, “जेवली का वो?”

मला राहवलं नाही. दारातून म्हटलं, “आत्ताच तुम्ही भरवलंत ना? यात बातमी किती?”

“शून्य,” बोटावरची नजर न काढता ते म्हणाले. “पर सहा महिने झाले जी, तिनं सांगतलं नोतं.”